एका कानाचं औषध

चंद्रपूरला जाते म्हटलं की सांगलीतली माणसं एकच विचारतात, वाघ बघायला का? मी फोन आणायला चालले होते. तोही नवा नव्हे, तीन वर्षांपूर्वी धानोऱ्याच्या बाजारात हरवलेला, काच तडकलेला, जुनाट फोन. हे ऐकून शेजारणीने माझ्याकडे असं पाहिलं, की निवृत्त झाल्यापासून बाई जरा बिघडलीच. पाहू दे. तिला काय ठाऊक त्या फोनच्या पोटात काय होतं. मलाही ठाऊक नव्हतं, आणि खरी गोम तीच आहे.

आधी तीन वर्षांपूर्वीचं सांगते. चंद्रपूरची प्रज्ञा रामटेके माझी जुनी मैत्रीण. दोघी विज्ञानाच्या शिक्षिका, एका प्रशिक्षणात एका खोलीत राहिलो आणि तेव्हापासून भांडतोय. तिने मला तिच्या वच्छलामावशीकडे नेलं होतं, कुरखेड्याच्या पलीकडच्या एका गावात. तिकडे धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, बाया महिनाभर चिखलात वाकून उभ्या असतात. पायांच्या बोटांत कातडं कुजतं, भेगा पडतात, चप्पल घालवत नाही. त्याला चिखल्या म्हणतात. मावशीचा त्यावर एक लेप आहे. आजूबाजूच्या दहा गावांतल्या बाया रोवणीच्या दिवसांत तिच्या ओसरीवर पाय पसरून बसायच्या. मावशी पैसे घेत नाही, नारळसुद्धा घेत नाही.

पण त्या औषधाचा एक नियम आहे. ते एका कानाचं औषध. आयुष्यात एकदाच सांगायचं, एकाच माणसाला सांगायचं आणि ज्या झाडाचा लेप त्या झाडापाशी उभं राहून सांगायचं. तिसऱ्या कानी गेलं की गुण गेला. मावशीला तिच्या आईने सांगितलं. मावशीला ते नातीला, श्रुतीला सांगायचं होतं. श्रुती नागपुरात नर्सिंग शिकत होती, परीक्षेमुळे येऊ शकत नव्हती, आणि इकडे मावशी महिनाभर खोकत अंथरुणाला खिळलेली. आपण राहतो की जातो, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, त्यात काय मोठंसं, माझ्या फोनमध्ये बोला, मी नागपुरात उतरून श्रुतीच्या हातात देते, दुसऱ्या कुणाच्या कानी जाणार नाही, माझा शब्द. मावशीने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी काठी टेकत, माझा फोन पदराखाली धरून ती एकटीच रानात गेली. मी रेकॉर्डिंग चालू करून दिलं होतं आणि पाठ फिरवून अंगणात बसले होते. तासाभराने आली आणि फोन माझ्या ओंजळीत ठेवला, जसं तान्हं मूल देतात तसं.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी तो हरवला. धानोऱ्याच्या बाजारात चारोळी घेताना कुठेतरी ठेवला आणि विसरले. गडचिरोलीच्या वाटेवर बसमध्ये पिशवी उलटीपालटी केली तेव्हा कळलं. कपाळ माझं! पण मी काय स्वस्थ बसणारी? गडचिरोलीत उतरून पहिलं काम केलं ते सिमकार्ड बंद करण्याचं. कुणी गैरवापर करायला नको. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी. या हुशारीने काय केलं ते पुढे येईलच.

मावशी बरी झाली, पण तिने लेप देणं बंद केलं. मला कधी एका शब्दाने बोलली नाही, बोलली असती तर परवडलं असतं. बायांना मात्र सांगायची की औषध बाहेर गेलं आहे, कुणाच्या कानात पडलं ते माहीत नाही, गुण उरला की नाही ते माहीत नाही, मग कसं देऊ, ते फसवणं होईल. श्रुतीला पुन्हा सांगायलाही तयार नाही. एकदा सांगितलं ते सांगितलं. तीन रोवण्या तशाच गेल्या. म्हणजे तो फोन सापडला नसता तर ते औषध मावशीबरोबर संपलं असतं, माझ्या एका चारोळीपायी.

मग या मार्चमध्ये एके दिवशी माझ्या नव्या फोनवर सूचना आली: तुमचे जुने उपकरण दिसले आहे. नकाशावर हिरव्यागार जंगलात एक ठिपका. धानोऱ्यापासून बराच आत, रस्ता नाही, गाव नाही, नुसतं झाडांत. तासाभराने ठिपका गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पुन्हा उगवला आणि सातला मावळला. तिसऱ्या दिवशीही तेच.

मोबाइलच्या दुकानातला पोरगेला मालक म्हणाला, काकू, आत्ताच्या आत्ता सगळं पुसून टाका, हे बटण दाबलं की झालं. त्या बटणावर माझं बोट होतं. पुसलं तर कुणाच्या कानी जाणार नाही हे नक्की, पण मग श्रुतीच्याही जाणार नाही. नाही पुसलं आणि कुणी कुलूप तोडलं तर सगळंच गेलं. मी प्रज्ञाला फोन लावला. ती म्हणाली, “पुसू नको. तू चालली ये.”

पुसलं नाही. त्या फोनच्या पडद्यावर दिसेल असा निरोप मात्र पाठवला: हा फोन हरवलेला आहे, कृपया या नंबरवर कळवा. चार दिवस वाट पाहिली. कुणी कळवलं नाही. पाचव्या दिवशी निघाले.

चंद्रपूर

प्रवासाचं काही सांगत नाही. दोन गाड्या, एक रात्र आणि सहप्रवाशांचं घोरणं, एवढंच. प्रज्ञा स्टेशनवर उभी होती. मला पाहताच पहिलं वाक्य, “आता हा फोन तरी गळ्यात बांधून ठेव.” मी म्हटलं, पाणी तरी पाज आधी.

मार्चअखेरीलाच तिथे ऊन असं, की आमच्या सांगलीचं ऊन त्यापुढे चांदणं म्हणावं. प्रज्ञाच्या घरी दुपारी बारा वाजताच दारं-खिडक्या लावून घेतात आणि लोक मुकाट्याने अंधारात पडून राहतात. आमच्याकडे भर दुपारी झोपणाऱ्याला आळशी म्हणतील. इथे भर दुपारी फिरणाऱ्याला वेडा म्हणतात. जेवायला झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचं वरण होतं. झिंगे म्हणजे इथल्या तलावातली बारकी कोळंबी. आणि भात, भात, भात. भाकरी मिळेल का विचारलं तर प्रज्ञा म्हणाली, मिळेल की, सांगलीला गेल्यावर.

संध्याकाळी आम्ही तिघांनी नकाशा पसरला. तिसरे अशोकभाऊ, प्रज्ञाच्या ओळखीचे गाडीवाले. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण सगळ्या वाटा पाठ. त्यांनी ठिपका पाहिला, बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, ही टेकडी आहे, इथे टॉवर पकडते. आणि पहाटे साडेपाच ते सात म्हणजे कुणीतरी मोह वेचायला जातं, फोन सोबत नेतं. चोर असा रोज ठरल्या वेळी टेकडीवर कशाला जाईल, असंही वर म्हणाले. आठवडाभर मी सांगलीत बसून नाना तर्क लढवले होते. या माणसाने ते चहाच्या एका घोटात उलगडलं. मला जरा रागच आला.

धानोऱ्याच्या आत

मूल, गडचिरोली ही गावं करत आम्ही धानोऱ्याला पोचलो. मुक्काम प्रज्ञाच्या एका विद्यार्थिनीच्या घरी. ज्या गावाकडे जायचं होतं त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या माणसांनी माझं सगळं जपलं, मी त्यांचं एवढं तरी जपावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गाडी जिथवर जाते तिथवर गेली, पुढे पायी. माझे गुडघे आणि ती चढण, यांचं काही पटेना. पण वास! मोहाच्या फुलांचा वास मी पहिल्यांदाच घेतला. गोड, जडशीळ, गुळाच्या काहिलीपाशी उभं राहिल्यासारखा. आमच्या उसाच्या मुलखातल्या बाईला तो वास परका वाटला नाही, आणि तेवढ्यानेच मला जरा धीर आला.

उजाडत होतं. टेकडीवर पाच-सहा मोठे मोह, प्रत्येकाखालची जमीन अंगणासारखी झाडून लख्ख केलेली. पिवळट पांढरी फुलं टपटप पडत होती. प्रत्येक झाडाखाली वेगळं कुटुंब, वेगळी टोपली. अशोकभाऊंनी हळूच सांगितलं की झाडं घराघरांत वाटलेली असतात, आणि एका झाडाचं फूल वाऱ्याने दुसऱ्याच्या अंगणात गेलं तरी उचलायचं ते ज्याचं झाड त्याने. कुणी कुणाचं उचलत नाही. मला आमच्या गल्लीतला पेरू आठवला. फांदी कुंपणाबाहेर आली की पेरू गल्लीचा, असा आमचा कायदा.

आता एवढ्या माणसांत फोन कुणाकडे, हे कसं कळणार? विचारत सुटावं तर उगाच सगळे संशयित. नव्या फोनमध्ये जुना फोन वाजवायचं बटण होतं. वाजवा. नेटवर्कच्या दोन काड्या होत्या. मी दाबलं. काहीच होईना. पुन्हा दाबलं. आणि पलीकडच्या मोहाखाली, टोपलीशेजारच्या फडक्याच्या गाठोड्यातून माझ्या जुन्या फोनचा तो भसाडा आवाज आला.

तिथे वेचणारी बाई जागच्या जागी उभी राहिली. चाळिशीची असेल, सडपातळ, कासोटा घातलेली. मुठीतली फुलं तशीच मुठीत. ती गाठोड्याकडे धावली नाही, पळालीही नाही. नुसती ऐकत राहिली. मग हाक मारून नवऱ्याला म्हणाली, “आयकलं का, वाजून राह्यला.” तिचे डोळे भरून आले होते. मी चोर पकडायच्या तयारीने कंबर कसून उभी, आणि समोर हे. 

ती मैनाबाई, आणि तिचा नवरा दसरू. आम्ही जोहार, म्हणजे तिकडचा रामराम, केला, मी माझं सांगितलं, हा माझाच फोन, मीच वाजवला. मैनाबाईने गाठोडं उचललं आणि पदराआड धरलं. म्हणाली, “तुमचाच कशावरून?”

मी म्हटलं, अहो, माझा नंबर, माझा खर्च, माझी खरेदी. पावती दाखवायची माझी तयारी होती. खरंच आणली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. तिने पावतीकडे पाहिलंसुद्धा नाही. दसरूभाऊंनी समजावून सांगितलं. आठवड्यापूर्वी फोनवर अक्षरं आली होती, नंबर होता, पण शेवटचे दोन आकडे नेमके तड्याखाली. मग हा भला माणूस शेजाऱ्याचा फोन मागून घेऊन रोज टेकडीवर उभा राहून अंदाजाने नंबर लावत होता, तुमचा फोन हरवला आहे का म्हणून विचारत होता. कुणी शिव्या दिल्या, कुणी ठेवून दिला. एकजण म्हणाला, हो, माझाच आहे, घेऊन या. दोघं निघणारही होती. तेवढ्यात मैनाबाईने त्याला एक प्रश्न विचारला. त्याला उत्तर आलं नाही.

“तुमाले तोच इचारतो,” मैनाबाई म्हणाली. “कोणती गोळी, अन् कितीले?”

मी प्रज्ञाकडे पाहिलं. कसली गोळी? बंदुकीची? माझ्या मनात काय काय येऊन गेलं. गुडघ्याची, कॅल्शियमची, थायरॉइडची, माझ्या गोळ्यांची यादी काही लहान नाही. बाई शांतपणे उभी, गाठोडं छातीशी. आणि एकदम डोक्यात लख्ख पडलं.

“बीपीची,” मी म्हटलं. “पहाटे पाचला.”

तिने गाठोडं माझ्या हातात ठेवलं.

तीन वर्षं! तीन वर्षं माझा गजर त्या घरात रोज पहाटे पाचला वाजत होता आणि कुलूपबंद पडद्यावर अक्षरं येत होती: बीपीची गोळी. सातवीपर्यंत शिकलेल्या मुलीने ती वाचून दाखवली होती. फोन उघडत नव्हता, पण गजर वाजे आणि विजेरी लागे. त्या गजराने उठून, त्याच विजेरीच्या उजेडात ही माणसं मोहाला येत होती. “रोज मनात ये,” मैनाबाई म्हणाली, “आपल्यापाशी गजर राह्यला, आता त्या बाईले गोळीची आठवण कोण देत असंल.” माझं काय सांगू? तीन वर्षांत माझ्या सख्ख्या मुलाने मला हे विचारलेलं नाही.

मैनाबाईचं घर

फुलं वेचून होईपर्यंत आम्हीही वाकून वेचली. मी वेचलेली मैनाबाईने परत निवडली. मी देठं आणि माती सगळंच उचलत होते. नऊच्या सुमाराला तिच्या घरी गेलो. शेणाने सारवलेलं अंगण, त्यावर वाळत पसरलेला मोह, एका बाजूला डुक्कर आत येऊ नये म्हणून केलेलं काट्यांचं कुंपण. तांदळाची आंबिल दिली, तांब्याभरून. थंड, आंबटसर. उन्हातून आल्यावर त्यापुढे ताक नाही की सरबत नाही.

मग हळूहळू सगळं कळलं. बाजारात मी जिच्याकडून चारोळी घेतली ती मैनाबाईच. फोन तिच्या पोत्याच्या घडीत गेला आणि घरी आल्यावर सापडला. मग तिला आठवलं आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. दर दुसरी चारोळी दाताखाली फोडून पाहणारी बाई तीच का तुमी! प्रज्ञाने लगेच दुजोरा दिला. दोघींचं चांगलंच जमलं माझ्यावरून.

त्यापुढे बारा बाजार ती फोन समोर मांडून बसली होती. मालक येईल, ओळखेल. मालक सांगलीत बसला होता. मग दोघांनी ठरवलं की मालकाचा फोन येईल, तो घ्यायचा. म्हणून रोज सौर दिव्याच्या तारेवर चार्ज करायचा आणि चुलीपासून लांब टांगायचा. एकदाही वाजला नाही. कसा वाजणार? सिम मीच पहिल्या दिवशी बंद केलं होतं. ते चालू असतं तर पहिल्या आठवड्यात मी माझाच नंबर लावला असता, मैनाबाईने उचलला असता आणि मावशीची एकही रोवणी वाया गेली नसती. हे कळलं तेव्हा मी आंबिलीचा तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं मुलांना सांगत आले, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. हो, वाचला होता मी!

शेवटी या महिन्यात दसरूभाऊंना बाजारात कुणी सांगितलं की यातलं सिम मेलेलं आहे. त्यांनी स्वतःच्या खर्चाने नवं सिम आणून घातलं. फोन जिवंत झाला, आता मालकाचा कॉल येईल! नव्या सिमचा नंबर मालकाला कसा कळणार, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला नाही. पण त्याच सिममुळे फोन रोज नकाशावर उगवत राहिला. माझी हुशारी तीन वर्षं आडवी आली, आणि त्यांच्या चुकीने फोन सापडला. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. अजून पुरता पचलेला नाही.

बाजारातला एकजण लॉक तोडून द्यायला तयार होता, तेही सांगितलं त्यांनी. दसरूभाऊंनी दिला नाही. मी विचारलं, का? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, “पडलं म्हणून आपलं होत नाई, बाई. मोहाचं फूल बी नाई होत.”

मग मी त्यांना मावशीचं सांगितलं. मैनाबाईच्या घरातही रोवणी आहे, चिखल्या काय हे तिला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, त्या आजीले मीच सांगतो. ऐन मोहाच्या दिवसांत घर सोडणं म्हणजे काय, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. दसरूभाऊ आणि मुलगी झाड सांभाळतील असं ठरलं, आणि तिने लुगडं बदललं.

कुरखेड्याच्या वाटेला

आडवाटेने गेलो. दोन्ही बाजूंना पळस जळत्या निखाऱ्यासारखा, मधूनच धानाचे रिकामे बांध. गाडीत मी नंबराचं कुलूप उघडायला गेले आणि पहिल्यांदाच चुकले. पुन्हा चुकले. प्रज्ञाने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या वेळी आठवलं, माझ्या निवृत्तीचं वर्ष. जे विसरायचा मी रोज प्रयत्न करते. फोन उघडला. रेकॉर्डिंग जिथे होतं तिथे होतं. बावीस मिनिटांचं. एकदाही वाजवलेलं नव्हतं. मी तो तसाच बंद करून मैनाबाईच्या मांडीवर ठेवला. माझ्या हातापेक्षा तिथे बरा.

वच्छलामावशी ओसरीवर बसली होती. तीन वर्षांत फारच वाळली होती. प्रज्ञाने पहाटे टेकडीवरूनच कळवलं होतं, म्हणून श्रुती नागपूरहून आलेली. आता ती दवाखान्यात नोकरी करते. मावशीने माझी विचारपूस केली, प्रज्ञाची केली, पाणी दिलं. मग मैनाबाईला समोर बसवलं आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“आयकलं काय तू?”

“नाई जी. कुलूप होतं.”

“अन् कुलूप नसतं तर?”

 मी मनात म्हणते, बाई, सांग की नसतं ऐकलं, संपव. मैनाबाईने खरोखर विचार केला. म्हणाली, “नसतं तर मालकाचं नाव-गाव पाह्यलं असतं. भेटलं का बंद. दुसऱ्याचं बोलणं काऊन आयकू?”

मावशीने मान हलवली. मग तिने मलाही विचारलं, ऐकलं का म्हणून. मीही नाही म्हटलं. माझ्या वेळी तिने इतका वेळ तोंडाकडे पाहिलं नाही. फोन हरवल्यापासून पहिल्यांदाच मला त्या ओसरीवर मोकळा श्वास आला, आणि हे सांगायला हरकत नाही, मी रडले.

दुपार उतरल्यावर श्रुती एकटी रानात गेली, त्याच झाडापाशी. कानाला लावायची तार मी दिली होती. मावशीने दोनातलं एक टोक कापून टाकायला लावलं. एका कानाचं म्हणजे एका कानाचं. कापताना माझा जीव हळहळला, नवी होती ती. तासाभराने श्रुती आली, आजीच्या पायाला हात लावून आत गेली. आपली नात, नर्स झालेली, तीन-तीनदा हात धुणारी, हे कसं घेईल याची मावशीला धाकधूक असावी. नंतर श्रुती मला एवढंच म्हणाली, काकू, यात वाईट काही नाही, आणि पाय कोरडे ठेवायचेही यातच सांगितलं आहे.

मग मावशीने मला पुसायला लावलं. पुसलं. म्हणाली, “आता याच्या पोटात काई नाई ना?” मी म्हटलं, थांबा, याच्या कचरापेटीतही राहतं महिनाभर. ती कचरापेटीही रिकामी केली, मग अख्खा फोनच कोरा केला. मावशी नीट पाहत होती, जणू चुलीत काही जळताना बघावं.

कोरा फोन मी मैनाबाईला दिला. नको म्हणाली. मग म्हणाली, गजर तरी राहू द्या. मी पहाटे पाचचा गजर लावला आणि नावाच्या जागी थांबले. काय लिहू? ती म्हणाली, जे होतं तेच. तेच लिहिलं.

निघताना मैनाबाई मावशीच्या पाया पडायला वाकली, तर मावशीने तिचीच पावलं पाहिली, वाकून, अगदी दुकानात कापड पाहावं तशी. “रोवणी झाली का ये,” म्हणाली. “गुण राह्यला का नाई, मले बी माहीत नाई. पण पयला लेप तुले.”

सांगली

एप्रिल गेला, मे गेला. हे मी लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर ठेवून दिलं, कारण गुण राहिला की नाही हे कळल्याशिवाय लिहून उपयोग काय? ती शिक्षिकेची खोड आहे, निकालाशिवाय गुणपत्रिका देत नाही.

जुलैत प्रज्ञाने सांगितलं की मैनाबाई एसटीने मावशीकडे आली होती, दोन्ही पायांची बोटं सडलेली, चप्पल हातात. मावशीचे हात थरथरत होते, म्हणून लेप श्रुतीने लावला. ओसरीवर सात-आठ बाया आधीच येऊन बसल्या होत्या. मावशीने त्यांना हात लावला नाही. म्हणाली, हिचे पाय पाहू, मग तुमचे.

त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. शेवटचे दोन आकडेही अनोळखी. मी उचलला. पलीकडे वारा होता, टेकडीवरचा.

“बाई,” मैनाबाई म्हणाली, “चप्पल घालून आली मी. गोळी घेतली काय तुमी?”

घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. नव्हती घेतली. उठून घेतली.